अक्षरांचा खेळ आणि शब्दांचा न्याय

दंडीच्या ‘दशकुमारचरितां’त मंत्रगुप्ताची कथा आहे. प्रियेच्या दंतक्षतानें त्याचा ओठ दुखावला आहे. म्हणून तो आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. प, फ, ब, भ, म ह्यांपैकीं एकहि व्यंजन त्या उच्छ्वासांत येत नाहीं. आमच्या मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) हाच नियम रामायणास लावून ‘निरोष्ठ रामायण’ रचिलें. ज्याची कथा सांगावयाची त्याच्या नांवांतच ‘म’ आहे. तें नांव न घेतां त्याचें चरित्र गावयाचें, हें साहस पंतांनाच शोभावें. अशा रचनेस कोणी चमत्कृति म्हणोत, कोणी कसरत म्हणोत. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. अक्षरांचें बंधन कितीहि कडक असलें, तरी तेथें अर्थ हाच धनी राहिला आहे. कथाच कळली नाहीं, तर तिच्या निरोष्ठपणाचें कौतुक कोण करणार?

इंग्रजी भाषेंत ह्याच्या उलट वळणाची एक क्रीडा गेल्या दीडशें वर्षांत वाढीस लागली. तींत ‘अमुक अक्षर नको’ असा निषेध नाहीं; ‘अमुक अक्षर हवेंच’ असा विधि आहे. दिलेलीं अक्षरें ज्यांत आहेत असा शब्द शोधून काढावयाचा. हा खेळ प्रथम दिवाणखान्यांत बसला, मग वृत्तपत्रांत शिरला, मग पटावर आला आणि आतां प्रत्येकाच्या हातांतील मोबाइलवर जाऊन पोंचला आहे. त्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, खेळणारांचा तंटा अक्षरांवरून क्वचितच झाला. प्रत्येक पिढींत तो एकाच प्रश्नावरून झाला. शब्द कोणता मानावयाचा, आणि तें कोणीं ठरवावयाचें?

हा प्रश्न आम्हांस सुचण्याचें कारण घरगुती आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची कॉलेजांत शिकणारी पुतणी आमच्याकडे राहावयास आली होती. रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें स्क्रॅबलचा पट मांडला. इंग्रजी शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं असल्यामुळें डाव आमचाच, अशा भरंवशानें आम्ही बसलों. चवथ्या कीं पांचव्या खेपेस तिनें क्यू आणि आय अशीं दोनच अक्षरें शेजारीं शेजारीं ठेविलीं आणि एका फटक्यांत आमच्या पुढें गेली. आम्हीं विचारलें, “ह्याचा अर्थ काय?” ती म्हणाली, “काका, अर्थ कशाला हवा? यादींत आहे.” त्या रात्रीं आम्ही डाव हरलों, पण डोक्यांत राहिली ती हार नव्हे, तें उत्तर.

ह्या खेळांचा एक मूळपुरुष म्हणून लुइस कॅरल ह्यांचें नांव घ्यावें लागतें. ‘ॲलिस’च्या कथांमुळें तें घरोघरीं माहीत आहे, त्यांचें खरें नांव चार्ल्स डॉज्सन, व ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजांत गणिताचे अध्यापक होते. १८७७ च्या नाताळांत, करावयास कांहींच नाहीं म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठीं, त्यांनीं ‘डब्लेट्स’ नांवाचें कोडें रचिलें. दोन सारख्या लांबीचे शब्द द्यावयाचे, आणि एका वेळीं एकच अक्षर बदलीत एकापासून दुसऱ्यापर्यंत जावयाचें. डोक्याला इंग्रजींत चार अक्षरांचा शब्द आहे, शेपटीलाहि चारच अक्षरांचा आहे. मध्यें चार पायऱ्या घालून डोक्यापासून शेपटीपर्यंत पोंचतां येतें. अट एवढीच कीं, प्रत्येक पायरी हा खरा शब्द असला पाहिजे. मार्च १८७९ पासून ‘व्हॅनिटी फेअर’ ह्या साप्ताहिकांत हीं कोडीं प्रसिद्ध होऊं लागलीं.

खरा शब्द म्हणजे कोणता, ह्यावर कॅरल ह्यांचा दंडक असा कीं, सभ्य मंडळींच्या बोलण्यांत येऊं शकेल तो. नियम ऐकावयास सोपा वाटतो. परंतु कोडें सोडविणारा मनुष्य अडला म्हणजे त्यास कोशाच्या अडगळींतला कोणताहि शब्द सभ्यच वाटूं लागतो! शेवटीं कॅरल ह्यांनीं आपल्या पुस्तकास कोणते शब्द चालतील ह्याची एक यादीच जोडली. अर्थ सांगण्यासाठीं नव्हे, तर खेळांतील निवाड्यासाठीं केलेली ही शब्दांची यादी म्हणजे पुढें येणाऱ्या मोठमोठ्या याद्यांची आजीच होय.

दोन वर्षांनीं, १८८१ सालीं, त्यांनीं ‘मिशमॅश’ नांवाचा दुसरा खेळ एका मासिकांत प्रसिद्ध केला. आमच्या विषयाचें शुद्ध स्वरूप तेथें दिसतें. एकानें दोनतीन अक्षरांचा एक गर्भ सांगावयाचा, आणि दुसऱ्यानें तीं अक्षरें त्याच क्रमानें, लागोपाठ, ज्याच्या पोटांत आहेत असा शब्द द्यावयाचा. जी आणि पी हीं दोन अक्षरें दिलीं, तर ‘मॅगपाय’ हा पक्षी सांपडतो. ई, एम, ओ दिलीं तर ‘लेमन’. आणि आय, एम, एस, ई अशीं चार दिलीं तर ‘हिमसेल्फ’ हा रोजचा शब्दहि पुष्कळांना चटकन सुचत नाहीं. अशा उत्तरास कॅरल ‘कायदेशीर शब्द’ म्हणत. तो चारचौघांना ठाऊक असला पाहिजे आणि विशेषनाम असतां कामा नये. येथें न्यायाधीश कोण? दिवाणखान्यांत जमलेली मंडळीच. ती मंडळी एकाच वर्गाची, एकाच प्रकारच्या शाळांत शिकलेली असल्यामुळें कायदा लिहून ठेवण्याची गरज फारशी भासत नव्हती.

दिवाणखान्यांतील ही परंपरा अमेरिकेंत ‘घोस्ट’ ह्या नांवानें चालली. एकानें एक अक्षर म्हणावें, दुसऱ्यानें त्यापुढें एक जोडावें. मनांत शब्द असला पाहिजे, पण तो पुरा करणारा हरतो. त्याच्या कठीण प्रकारांत अक्षर मागें किंवा पुढें कोठेंहि जोडतां येतें. जेम्स थर्बर ह्या विनोदी लेखकानें १९५१ सालीं ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत ह्या व्यसनावर एक लेख लिहिला. एस, जी, आर, ए हीं चार अक्षरें घेऊन झोंप न येणारा मनुष्य रात्रभर कसा तळमळतो, ‘डिसग्रेस’सारखे खरे शब्द संपले म्हणजे आपणच नवे शब्द कसे पाडूं लागतो, आणि त्यांना गंभीर चेहऱ्यानें कोशांतल्यासारखे अर्थहि कसे देतो, ह्याचें त्यांत वर्णन आहे. थर्बरचे ते शब्द खोटे खरे. पण त्यांना अर्थ आहे! आमच्या पुतणीच्या शब्दाची तऱ्हा नेमकी उलट होती. तो खरा होता, पण तिच्यापुरता त्याला अर्थ नव्हता.

वृत्तपत्रांनीं हा खेळ दिवाणखान्याबाहेर काढला. लिव्हरपूल येथें जन्मलेल्या आर्थर विन ह्या संपादकानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या पुरवणींत चौकटींचें पहिलें शब्दकोडें छापलें. १९२४ सालीं सायमन आणि शुस्टर ह्या नव्या प्रकाशकांनीं अशा कोड्यांचें पुस्तक काढलें, त्याला एक पेन्सिलहि बांधून दिली, आणि देशभर वेड पसरलें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें त्या वर्षीं ह्या छंदाची वेळेचा पापी अपव्यय म्हणून संभावना केली. पण त्याच पत्राला, महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर, १९४२ सालीं हें पाप आपल्या पानांत घ्यावें लागलें. तथापि शब्दकोड्यांत अर्थाची सूचना असते. अर्थाकडून अक्षरांकडे जावयाचें, हा तेथला मार्ग. म्हणून अर्थाचें राज्य तेथें अबाधित राहिलें. तें उलथून टाकण्याचें काम एका बेकार वास्तुशास्त्रज्ञाकडे आलें.

आल्फ्रेड मोशर बट्स (१८९९–१९९३) ह्यांची नोकरी १९३१ सालीं मंदीच्या लाटेंत गेली. रिकामपणीं त्यांनीं जगांतील खेळांचा विचार केला आणि असें ठरविलें कीं, ज्यांत दैव आणि कौशल्य समसमान आहेत असा शब्दांचा खेळ करावा. त्यासाठीं कोणतें अक्षर किती वेळां येतें, तें कळणें अवश्य होतें. एडगर ॲलन पो ह्यांच्या १८४३ सालच्या ‘द गोल्ड-बग’ ह्या कथेंत गुप्तलिपि उलगडण्यासाठीं हाच मार्ग वापरला आहे. इंग्रजींत ई सर्वांत अधिक येतो, तेव्हां जें चिन्ह सर्वांत अधिक दिसेल तें ई. बट्सनीं वृत्तपत्रांचीं पानें समोर घेऊन एकेक अक्षर मोजलें. त्या मोजणींतून शंभर ठोकळे ठरले. ई बारा, आणि प्रत्येकाचा एकच गुण. ए नऊ, आय नऊ. क्यू आणि झेड एकेकच, पण प्रत्येकीं दहा गुणांचे. दोन ठोकळे कोरे. एस इंग्रजींत विपुल आहे. तरी तो लावला कीं कोणत्याहि नामाचें अनेकवचन फुकट होतें, म्हणून बट्सनीं त्याचे चारच ठोकळे ठेविले. कामावरून कमी केलेल्या माणसाचा हा हिशेब इतका नेमका उतरला कीं, त्याचें हें वांटप इंग्रजी डावांत आजतागायत चालू आहे.

खेळ मात्र कोणी घेईना. कारखानदारांनीं तो परत पाठविला. १९४८ सालीं जेम्स ब्रुनो नांवाच्या गृहस्थांनीं तो पत्करला, त्याला ‘स्क्रॅबल’ हें नांव दिलें, आणि पुढच्या वर्षीं २,४०० संच करून ४५० डॉलर तोटा खाल्ला. १९५२ नंतर एकाएकीं मागणी वाढली व दोनतीन वर्षांत लाखों घरांत हा पट जाऊन बसला. आतां कॅरल ह्यांची सभ्य मंडळी पुरी पडेना. न्यूयॉर्कचा शिंपी, लंडनची शिक्षिका आणि मुंबईचा कारकून एकाच पटावर बसले, तर सभ्य शब्द कोणाच्या कानानें ठरवावयाचा? म्हणून न्यायासन माणसाकडून कोशाकडे गेलें. अमेरिकेंत १९७८ सालीं मेरियम-वेबस्टर ह्या प्रकाशकांनीं केवळ ह्या खेळासाठीं कोश काढला. ब्रिटनमध्यें १९८८ सालीं चेंबर्स ह्यांनीं काढला, आणि पुढें तें काम कॉलिन्स ह्यांच्याकडे गेलें. कॉलिन्सच्या यादींत आज पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत. जन्मभर इंग्रजी वाचणाऱ्याच्या दृष्टीस त्यांतला मोठा भाग कधीं पडतहि नाहीं.

ह्या यादीचें अंतरंग पाहावयाचें, तर क्यू ह्या एका अक्षराच्या मागें जावें. जुन्या इंग्रजींत ‘क्वीन’ ह्या शब्दाचा आरंभ सी ह्या अक्षरानें होत असे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनीं तेथें क्यू आणि यू ही जोडी आणून बसविली. तेव्हांपासून इंग्रजींत क्यूच्या मागें यू सावलीसारखा येतो. साहजिकच दहा गुणांचा क्यू हातीं आला आणि यू आला नाहीं, तर खेळाडूस घाम फुटतो. त्याचा उद्धार करण्यास जे शब्द धांवून येतात, ते बहुतेक परके आहेत. येमेनांत चघळण्याचा पाला ‘कात’, इराणांतला जमिनीखालचा पाण्याचा पाट ‘कनात’, आणि मग काजी, फकीर, तलाक, कव्वाली, बुरखा. अरबी भाषेंत घशांतून निघणारा एक ककार आहे. त्यासाठीं युरोपीय पंडितांनीं क्यू हें अक्षर योजिलें. फकिराचें जुनें इंग्रजी स्पेलिंग के ह्या अक्षरानें होतें. क्यूचें आलें तें विद्वत्तेच्या वाटेनें, आणि उपयोगी पडलें तें जुगाराच्या वाटेनें! आमच्या पुतणीचा शब्द तर ह्याहून नवलाचा. चिनी लोक शरीरांतल्या प्राणशक्तीस जें नांव देतात, तेंच तें. पूर्वीं इंग्रज तो शब्द सी आणि एच ह्या अक्षरांनीं लिहीत. १९५८ सालीं चीनच्या सरकारनें आपल्या भाषेसाठीं रोमन लेखनाची नवी पद्धति स्वीकारली, तींत त्या ध्वनीस क्यू मिळाला. आणि २००६ सालीं अमेरिकन खेळाडूंच्या यादींत तो शब्द दाखल झाला. पेकिंगच्या एका निर्णयानें पुण्याच्या माजघरांत आम्ही डाव हरलों, असें म्हटलें तर तें फारसें खोटें होणार नाहीं.

इंग्रजांच्या यादींत आपलींहि माणसें बसलेलीं आहेत. ब्रिटिश यादींत ‘पेशवा’ एकाहून अधिक स्पेलिंगांनीं सांपडतो. साप मारणाऱ्या प्राण्याचा इंग्रजी शब्द तर मराठी ‘मुंगूस’ ह्यापासूनच गेला. त्याच्या शेवटाला इंग्रजांनीं आपल्या हंसाचें स्पेलिंग चिकटविलें, पण हंसाचा आणि त्याचा कांहींएक संबंध नाहीं. राज्य करावयास आलेल्या भाषेनें येथून जें उचललें, तें असें आठ अक्षरांचा ऐवज होऊन पडलें आहे.

ऐवज मोजावयाचा, त्याचें रूप पाहावयाचें नाहीं, ही वृत्ति पराकोटीस नेणारा पुरुष म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. इंग्रजी स्क्रॅबलचें जगज्जेतेपद त्यानें अनेकदां मिळविलें आहे. २०१५ सालीं त्यानें फ्रेंच भाषेंतील जगज्जेतेपदहि जिंकलें. तेव्हां त्यास फ्रेंच बोलतां येत नव्हतें, केवळ नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी त्यानें पाठ केली होती. २०२४ सालीं स्पॅनिशमध्येंहि त्यानें तोच पराक्रम केला. थायलंडांतील खेळाडूंनींहि इंग्रजी डावांत जगज्जेतेपद पटकाविलें आहे. आमच्याकडे वेदपाठी ब्राह्मणांपैकीं पुष्कळांस अर्थ येत नसे, म्हणून यास्कानें अर्थ न जाणणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. परंतु त्या पाठकाची श्रद्धा तरी अशी होती कीं, अर्थ कोठें तरी आहे. येथें अर्थ नसला तरी चालतो, एवढेंच नव्हे, तर तो आड येतो असें मानलें जातें.

ह्या मताची कसोटी लौकरच लागली होती. १९९४ सालीं अमेरिकेंत अशी तक्रार उठली कीं, खेळाच्या कोशांत यहुदी, काळे इत्यादि लोकांस हिणविणारे शब्द आहेत. कोशाच्या पुढच्या आवृत्तींतून शंभराहून अधिक शब्द काढले गेले. खेळाडू खवळले. त्यांचें म्हणणें असें कीं, पटावर शब्दास अर्थ नसतोच. तेथें तो नुसती अक्षरांची रांग आहे, आणि रांगेनें कोणाचा अपमान कसा होईल? शेवटीं घरांत खेळणारांसाठीं सोंवळा कोश व स्पर्धांसाठीं पूर्ण यादी, अशी फाळणी झाली. हा युक्तिवाद तर्काला धरून होता, आणि तो सव्वीस वर्षें टिकला. पण २०२० सालीं अमेरिकेंत वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हां उत्तर अमेरिकेंतील खेळाडूंच्या संस्थेनें आपण होऊन असे शब्द स्पर्धेच्या यादींतूनहि काढून टाकिले. पुढच्या वर्षीं कॉलिन्सच्या यादींतूनहि सुमारे ४०० शब्द गेले. समोर बसलेल्या ज्या माणसास त्या शब्दानें आयुष्यभर हांक मारली गेली, त्याला ती नुसती रांग दिसत नाहीं. अर्थाला दाराबाहेर काढलें, तरी तो खिडकींतून आंत आला.

न्यायासनाचा प्रवास येथेंहि थांबला नाहीं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें २०१४ पासून आपल्या साप्ताहिक पुरवणींत आणि २०१८ पासून संगणकावर रोज ‘स्पेलिंग बी’ नांवाचें कोडें सुरू केलें. मधमाशांच्या पोळ्याच्या आकारांत सात अक्षरें असतात. मधलें अक्षर प्रत्येक शब्दांत आलेंच पाहिजे, आणि शब्द निदान चार अक्षरांचा हवा. एस तर मुळींच वर्ज्य ठेवण्याची प्रथा पडली; बट्सनीं ज्याची शिधापट्टी केली, त्याला येथें हद्दपारच केलें! परंतु शब्द मान्य कीं अमान्य, हें येथें कोश ठरवीत नाहीं, संपादक ठरवितो. फार पारिभाषिक किंवा फार अपरिचित शब्द तो घेत नाहीं, आणि त्यावरून वाचकांचीं गाऱ्हाणीं रोज चालू असतात. २०२१ सालीं निघालेल्या ‘वर्डल’ ह्या पंचाक्षरी कोड्याचीहि तीच गोष्ट. त्याच्या कर्त्याच्या सहचारिणीनें हजारों शब्द डोळ्यांखालून घातले आणि तिला ओळखीचे वाटले तेवढेच उत्तरांसाठीं निवडले. कॅरल ह्यांचा ‘चारचौघांस ठाऊक असलेला शब्द’ दीडशें वर्षांनीं परत आला. फक्त ते चारचौघे आतां एकाच माणसाच्या डोक्यांत बसले आहेत. त्या माणसाच्या ओळखीचा शब्द तो सर्वांच्या ओळखीचा, असें गृहीत धरावें लागतें. घाट, तूप, धोतर ह्यांचे इंग्रजी शब्द पुण्याच्या विद्यार्थ्यास जितके रोजचे, तितके न्यूयॉर्कच्या वाचकास कोठून असणार?

मग कोणता न्याय बरा? मंडळींचा न्याय माणुसकीचा, पण तो मंडळीबाहेरच्यांस बाहेरच ठेवितो. यादीचा न्याय सर्वांस सारखा, म्हणून बँकॉकचा मुलगा लंडनच्या पंडितास हरवूं शकतो. पण तो आंधळा आहे. एका संपादकाच्या न्यायास डोळे आहेत, पण दोनच. आम्हांस वाटतें, तिघांचीहि गरज आहे, आणि इंग्रजी भाषा कोणा एका समाजाची राहिली नाहीं म्हणूनच हा तंटा मिटत नाहीं. तो मिटूं नये हेंच बरें.

दुसऱ्या रात्रीं पुतणीनें पुन्हां पट मांडला. आम्हीं तिच्याजवळची क्यूची यादी मागून घेतली आणि वाचूं लागलों. काजी म्हणजे कोण, कोंकणांतल्या व देशावरच्या जुन्या कागदांत त्याचा शिक्का कां आढळतो, फकीर ह्या शब्दाचें मूळ ‘गरिबी’ ह्या अर्थांत कसें आहे, चिन्यांचा प्राण आणि आमचा प्राण ह्यांत साम्य काय, असें एकेक बोलत गेलों. इंग्रजी खेळाडूस हे नुसते ठोकळे. मराठी घरांत मात्र त्यांतले निम्मे शब्द आजीच्या तोंडचे आहेत. पोरगी ऐकत राहिली. ठोकळे तसेच पडून राहिले. बऱ्याच वेळानें तिनें विचारलें, “काका, मग हे सारे शब्द आपल्याकडे कधीं आले?” त्या रात्रीं डाव पुरा झाला नाहीं. गुण कोणाचे किती झाले, तें आम्हीं लिहूनहि ठेविलें नाहीं.